औषधाविना वेदनाशमन : विद्युत्-स्पंद उपकरणांचे सामर्थ्य आणि मर्यादा

(सुवर्णमहोत्सवी वर्षातील आरोग्यविषयक व्याख्यानाचा मजकूर)



संस्थेची पन्नास वर्षे पूर्ण होतात, तेव्हा तिला उभे करणाऱ्या माणसांच्या वयातही पन्नास वर्षांची भर पडलेली असते. ज्या हातांनी त्या काळी वर्गणीच्या पावत्या फाडल्या, सतरंज्या अंथरल्या, पंगतीत आग्रहाने वाढले, त्या हातांचे सांधे आज सकाळी उठताना आखडतात. ज्या पायांनी घरोघरी जाऊन निधी गोळा केला, ते पाय आज जिन्याच्या पहिल्या पायरीशी थबकतात. मांडी घालून बसणे ही एके काळची सहज गोष्ट आता कित्येकांना अशक्य झाली आहे आणि सभागृहातील मागच्या खुर्च्यांची रांग वर्षागणिक लांबत चालली आहे. म्हणूनच या महोत्सवी वर्षात वेदना आणि तिचे शमन या विषयाला स्थान मिळणे सर्वथा उचित आहे.

वेदना : शरीराची आणि मनाचीही

वेदना हा शरीराचा पहारेकरी आहे. चटका बसताच हात मागे घेतला जातो, तो तिच्यामुळेच. परंतु हाच पहारेकरी चोर निघून गेल्यावरही महिनोन्‌महिने ओरडत राहिला, तर घरातील माणसांची झोप उडते. तीन महिन्यांहून अधिक काळ टिकणाऱ्या किंवा पुनःपुन्हा उद्भवणाऱ्या वेदनेला वैद्यकशास्त्र जुनाट वेदना असे म्हणते आणि तिच्याकडे केवळ एखाद्या रोगाचे लक्षण म्हणून न पाहता स्वतंत्र विकार म्हणूनही पाहते. वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने १९७९ मध्ये वेदनेची व्याख्या केली आणि २०२० मध्ये ती सुधारली. त्या व्याख्येचा आशय असा की, वेदना ही शारीरिक संवेदना आहे तशीच ती भावनिक अनुभूतीही आहे. आणि एखादी व्यक्ती आपल्याला वेदना होते असे सांगत असेल, तर त्या सांगण्याचा आदर केला पाहिजे. क्ष-किरण छायाचित्रात काही दिसत नाही म्हणून 'तुम्हाला काही झालेले नाही, मनाचे खेळ आहेत' असे सुनेने सासूला किंवा मुलाने वडिलांना सांगणे शास्त्राला धरून नाही. हे एवढे एक वाक्य घराघरांत पोहोचले, तरी अर्धा भार हलका होईल.

गोळीची दुसरी बाजू

वेदना झाली की हात प्रथम जातो तो गोळ्यांच्या डब्याकडे. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारखी वेदनाशामके नेमके काय करतात, हे ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन वेन यांनी १९७१ मध्ये ॲस्पिरिनच्या अभ्यासातून दाखवून दिले आणि १९८२ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिकाचा सन्मान लाभला. शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये तयार होतात. ती सूज आणि वेदना वाढवितात. परंतु तीच द्रव्ये जठराच्या आतील अस्तराचे रक्षण करतात आणि मूत्रपिंडाचा रक्तपुरवठाही सांभाळतात. गोळी ही द्रव्ये तयार होऊ देत नाही. त्यामुळे गुडघ्याची सूज उतरते, पण त्याच वेळी जठराचे आणि मूत्रपिंडाचे कवचही पातळ होते. चार दिवसांच्या दुखण्यासाठी डॉक्टरांच्या सल्ल्याने घेतलेल्या गोळीचे भय बाळगण्याचे कारण नाही. भय आहे ते दुकानातून परस्पर आणून वर्षानुवर्षे घेतल्या जाणाऱ्या गोळीचे.

ज्येष्ठांच्या बाबतीत हा धोका दुप्पट होतो. अनेकांना रक्तदाबाची गोळी चालू असते, काहींना लघवी वाढविणारी गोळीही असते. या दोहोंच्या जोडीला वेदनाशामकाची भर पडली, तर मूत्रपिंडावर तिहेरी ताण येतो. उपवासाच्या काळात पाणी कमी पोटात जाते आणि जठर रिकामे असते. अशा दिवशी सकाळी सवयीने घेतलेली वेदनाशामक गोळी अधिकच घातक ठरू शकते. मोठी तपश्चर्या करू इच्छिणाऱ्यांनी आपल्या चालू औषधांची यादी घेऊन आधी डॉक्टरांना भेटावे, ही सूचना म्हणूनच आवश्यक आहे.

वेदनाशामकांची सावली माणसापुरती राहिली नाही, हेही या सभागृहात सांगितले पाहिजे. भारतीय उपखंडातील गिधाडे १९९० नंतरच्या काळात झपाट्याने नाहीशी होऊ लागली. गुरांच्या दुखण्यावर दिलेले डायक्लोफेनॅक त्यांच्या मृत शरीरातून गिधाडांच्या पोटात जाते आणि त्यांची मूत्रपिंडे निकामी करते, हे २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने सिद्ध केले. तोवर पांढऱ्या पाठीच्या गिधाडांचा जवळजवळ संपूर्ण संहार झाला होता. भारत सरकारने २००६ मध्ये पशुवैद्यकीय वापरासाठी या औषधावर बंदी घातली. एका जीवाची वेदना शमविताना दुसऱ्या जीवाचा कसा नकळत घात होतो, याचे याहून बोलके उदाहरण क्वचितच सापडेल.

या पार्श्वभूमीवर, औषध पोटात न घेता वेदना कमी करता येईल का, हा प्रश्न केवळ कुतूहलाचा राहत नाही.

दोन हजार वर्षांचा प्रवास

विजेने वेदना बधिर करण्याची कल्पना नवी नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकात स्क्रिबोनियस लार्गस या रोमन वैद्याने आपल्या ग्रंथात टॉर्पिडो नावाच्या विद्युत्‌माशाचा उपाय लिहून ठेवला आहे. संधिवाताच्या रुग्णाने ओल्या समुद्रकिनाऱ्यावर उभे राहून जिवंत मासा पायाखाली धरावा आणि गुडघ्यापर्यंत पाय बधिर होईतो थांबावे, असा तो विधी होता. डोकेदुखीसाठी हाच मासा कपाळाशी धरीत. वीज म्हणजे काय, हे त्या वैद्याला ठाऊक नव्हते. त्याला ठाऊक होता तो तिचा परिणाम, आणि त्यासाठी एका मुक्या जीवाला वेठीस धरावे लागत होते.

अठराव्या शतकात घर्षणाने वीज निर्माण करणारी यंत्रे आली आणि युरोप-अमेरिकेत विजेच्या उपचारांची लाटच उसळली. अमेरिकेचे थोर शास्त्रज्ञ बेंजामिन फ्रँकलिन यांच्याकडे पक्षाघाताचे रुग्ण दूरदुरून येत. फ्रँकलिन यांनी त्यांना विजेचे झटके दिले आणि जे दिसले ते १७५७ मध्ये एका पत्रात प्रांजळपणे लिहिले. पहिले काही दिवस सुधारणा दिसते, पाचव्या दिवसानंतर ती पुढे सरकत नाही आणि रुग्ण घरी गेल्यावर पूर्ववत होतो, असे त्यांचे निरीक्षण होते. त्याहून महत्त्वाची होती ती त्यांची शंका. दिसणारी सुधारणा विजेची, की रोज चालत येण्याच्या व्यायामाची, की बरे होण्याच्या आशेने मनाला आलेल्या उभारीची, असा प्रश्न त्यांनी स्वतःलाच विचारला. हा प्रश्न आजही प्रत्येक नव्या यंत्रासमोर उभा करावा लागतो.

त्यानंतर १८०० मध्ये व्होल्टाची विद्युत्‌घटमाला आली, १८३१ मध्ये फॅरेडे यांनी विद्युत्‌चुंबकीय प्रवर्तनाचा शोध लावला आणि फ्रान्सचे डॉक्टर द्युशेन यांनी एकेका स्नायूला नेमका प्रवाह देण्याचे तंत्र विकसित केले. परंतु शास्त्राबरोबर भोंदूगिरीही वाढली. विजेचे पट्टे, विजेच्या कंगव्या, सर्व रोगांवर एकच यंत्र, अशा जाहिरातींनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वर्तमानपत्रांची पाने भरली. त्याचा परिणाम असा झाला की, पुढे कित्येक दशके प्रतिष्ठित वैद्यकाने या विषयाकडे पाठ फिरविली.

द्वारसिद्धांत

ही पाठ पुन्हा वळली ती १९६५ मध्ये. कॅनडाचे मानसशास्त्रज्ञ रोनाल्ड मेल्झॅक आणि ब्रिटिश चेताशास्त्रज्ञ पॅट्रिक वॉल यांनी त्या वर्षी वेदनेचा द्वारसिद्धांत मांडला. तो समजण्यास कठीण नाही. त्वचेपासून मज्जारज्जूकडे जाणारे चेतातंतू अनेक प्रकारचे असतात. स्पर्श आणि दाब यांची वार्ता नेणारे तंतू जाड आणि वेगवान असतात; त्यांच्यातून संदेश सेकंदाला पस्तीस मीटरहून अधिक वेगाने धावतो. मंद, ठणकणारी वेदना नेणारे तंतू अतिशय बारीक असून त्यांचा वेग सेकंदाला दोन मीटरच्या आतच असतो. हे सर्व तंतू मज्जारज्जूत ज्या ठिकाणी येऊन मिळतात, तेथे जणू एक द्वार आहे. स्पर्शाच्या तंतूंची वर्दळ वाढली की हे द्वार वेदनेसाठी आवळले जाते आणि मेंदूपर्यंत पोहोचणारी वेदना कमी होते.

गुडघा उंबऱ्याला आपटला की हात आपोआप तेथे जाऊन चोळू लागतो. मूल पडले की आई दुखऱ्या जागेवरून हात फिरविते आणि मूल रडायचे थांबते. शास्त्राने या अनुभवाचे कारण सांगितले. सिद्धांताच्या पुढच्या तपशिलांत नंतर अनेक दुरुस्त्या झाल्या, परंतु वेदना ही केवळ खालून वर जाणारी तार नसून तिचे वाटेत नियमन होते, हा गाभा टिकून राहिला.

पॅट्रिक वॉल आणि विल्यम स्वीट यांनी १९६७ मध्ये या कल्पनेची माणसांवर परीक्षा पाहिली. तीव्र जुनाट वेदना असलेल्या आठ रुग्णांच्या चेतातंतूंना त्यांनी सेकंदाला शंभर या गतीने सूक्ष्म स्पंद दिले. स्पंद चालू असताना दुखऱ्या भागावर दाब दिला तरी वेदना उठेना. त्यांपैकी चौघांना तर केवळ दोन मिनिटांच्या स्पंदांनंतर अर्ध्या तासाहून अधिक काळ आराम मिळाला. त्याच वर्षी अमेरिकेतील शल्यविशारद नॉर्मन शिली यांनी कर्करोगाच्या वेदनेने ग्रासलेल्या रुग्णाच्या मज्जारज्जूवर विद्युताग्र बसविण्याची शस्त्रक्रिया केली. अशी शस्त्रक्रिया कोणाला उपयोगी पडेल, हे आधी ताडून पाहण्यासाठी त्वचेवरून स्पंद देणारी साधी यंत्रे वापरली जाऊ लागली. काही रुग्णांना त्या साध्या यंत्रानेच पुरेसा आराम पडू लागला आणि 'टेन्स' हे उपकरण जन्माला आले.

उपकरण आणि त्याचे कार्य

टेन्स म्हणजे ट्रान्सक्युटेनियस इलेक्ट्रिकल नर्व्ह स्टिम्युलेशन, अर्थात त्वचेवरून चेतातंतूंना दिलेले विद्युत्-स्पंद. तळहातावर मावेल एवढी डबी, आत लहान बॅटरी, तिच्यातून निघालेल्या दोन किंवा चार तारा आणि तारांच्या टोकाला चिकटणारे मऊ पॅड, एवढाच त्याचा पसारा असतो. घरातील विजेच्या झटक्याशी त्याचा संबंध जोडण्याचे कारण नाही. प्रवाह मिलिअँपिअरमध्ये मोजावा इतका क्षीण असतो आणि प्रत्येक स्पंद सेकंदाच्या काही दशसहस्रांश भागाइतकाच टिकतो.

स्पंद देण्याच्या दोन मुख्य पद्धती आहेत. पहिल्या पद्धतीत सेकंदाला साधारण पन्नास ते शंभर स्पंद दिले जातात आणि ठळक, पण सुखावह मुंग्या जाणवतात. दुसऱ्या पद्धतीत सेकंदाला दोन ते चार असे विरळ, परंतु जोरकस स्पंद देतात आणि स्नायू हलकेच ठुसठुसताना दिसतो. शरीर स्वतःही अफूसारखी वेदनाशामक द्रव्ये तयार करते, हे १९७५ मध्ये जॉन ह्यूझ आणि हान्स कोस्टर्लिट्झ यांच्या संशोधनातून उघड झाले. दोन्ही पद्धतींचे स्पंद ही अंगभूत व्यवस्था जागी करतात, मात्र वेगवेगळ्या ग्राहींच्या द्वारे, असे पुढील प्रयोगांत आढळले. म्हणजे औषधालय बाहेर नसून आतच आहे आणि यंत्र केवळ त्याचे कुलूप उघडते.

फिजिओथेरपीच्या दवाखान्यात 'करंट घेतला' असे ज्याला म्हटले जाते, तो बहुधा टेन्स किंवा आयएफटी असतो. आयएफटीमध्ये मध्यम वारंवारितेचे दोन प्रवाह एकमेकांना छेदतील असे सोडले जातात. यंत्रे निराळी असली, तरी उद्देश एकच, वेदनेच्या द्वारावर स्पर्शाची वर्दळ वाढविणे.

पुरावा काय सांगतो ?

येथे सत्य जसे आहे तसेच मांडले पाहिजे. कारण वेदनेने गांजलेला माणूस आशेने फार लवकर भारावतो आणि त्याच्या आशेचा बाजार मांडणारे कमी नसतात.

अमेरिकेत १९९० मध्ये रिचर्ड डेयो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुनाट कंबरदुखीच्या १४५ रुग्णांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. काहींना खरे यंत्र दिले, काहींना हुबेहूब तसेच दिसणारे, पण प्रवाह न सोडणारे यंत्र दिले. खऱ्या यंत्राने वेदनेच्या मापनात ४७ टक्के सुधारणा झाली आणि खोट्या यंत्राने ४२ टक्के. म्हणजे दोहोंत लक्षणीय फरक नव्हता. फ्रँकलिन यांची शंका सव्वादोनशे वर्षांनंतरही जिवंत होती. त्याच अभ्यासात ज्यांनी व्यायाम केला, त्यांना अधिक लाभ झाला. मात्र काही आठवड्यांनी बहुतेकांनी व्यायाम सोडला आणि तो लाभही ओसरला.

ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य मार्गदर्शक संस्थेने २०१६ मध्ये कंबरदुखीसाठी, २०२१ मध्ये कारण न सापडणाऱ्या जुनाट वेदनेसाठी आणि २०२२ मध्ये संधिझीजेसाठी अशा विद्युत् उपचारांची शिफारस करू नये, असे सांगितले. पुरावा पुरेसा भक्कम नाही, हे त्यामागील मुख्य कारण होते.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. ब्रिटनमधील मार्क जॉन्सन आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये एकूण ३८१ चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला. चोवीस हजारांहून अधिक व्यक्तींचा त्यांत समावेश होता. यंत्र चालू असताना आणि बंद केल्यानंतर लगेचच्या काळात, खोट्या यंत्राच्या तुलनेत वेदना कमी होते आणि गंभीर दुष्परिणाम आढळत नाहीत, असा निष्कर्ष त्यांनी मध्यम खात्रीने नोंदविला. सर्वांगदुखी म्हणजे फायब्रोमायल्जियाने ग्रस्त अशा ३०१ स्त्रियांवरील २०२० सालच्या अमेरिकन चाचणीत, चार आठवडे घरी यंत्र वापरणाऱ्या स्त्रियांची हालचाल करताना होणारी वेदना आणि थकवा अधिक कमी झाला. मधुमेहामुळे पायांत होणाऱ्या चेतातंतूंच्या वेदनेवर हा उपाय बहुधा उपयुक्त ठरतो, असे अमेरिकेतील मेंदूविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१० मध्ये म्हटले. त्याच अहवालात जुनाट कंबरदुखीसाठी मात्र त्याची शिफारस केली नाही. शस्त्रक्रियेनंतर पुरेशा तीव्रतेने स्पंद दिल्यास वेदनाशामकांची गरज कमी होते, असेही २००३ मधील एका आढाव्यात दिसून आले. मुलींच्या मासिक पाळीतील वेदनेवरही वेगवान स्पंदांचा उपयोग होतो. संकोचापोटी ज्या दुखण्याविषयी घरात बोलले जात नाही, त्याच्यासाठी ही माहिती विशेष मोलाची आहे.

या साऱ्याचा मथितार्थ असा : हे उपकरण वेदना तात्पुरती शमविते, व्याधी दूर करीत नाही. झिजलेली कूर्चा ते पुन्हा निर्माण करीत नाही, सरकलेली चकती जागेवर आणीत नाही. काहींना त्याने चांगला आराम पडतो, काहींना मुळीच पडत नाही. परंतु त्या आरामाच्या तासाभरात जो गुडघ्याचे व्यायाम करतो, चार पावले चालून येतो, त्याला यंत्राचा खरा लाभ होतो. जो यंत्र लावून पलंगावर पडून राहतो, त्याचे स्नायू दुबळेच होत जातात आणि दुबळ्या स्नायूंचा भार पुन्हा सांध्यावरच येतो.

कोणी वापरू नये ?

अपायाचा धोका कमी असला, तरी काही जणांनी या यंत्रापासून दूरच राहावे. हृदयात पेसमेकर किंवा तत्सम उपकरण बसविलेल्यांनी हृदयरोगतज्ज्ञांच्या स्पष्ट अनुमतीविना ते लावू नये. गर्भवती स्त्रियांनी पोटावर आणि कमरेवर लावू नये. फेफऱ्याचा विकार असलेल्यांनी डोके व मानेजवळ ते टाळावे. गळ्याच्या पुढील भागावर, डोळ्यांवर आणि छातीच्या आरपार पॅड कधीही लावू नयेत. कर्करोगाची गाठ असलेली जागा, रक्ताची गुठळी झालेला पाय, जखम किंवा इसब असलेली त्वचा वर्ज्य समजावी. मधुमेहामुळे तळपाय बधिर झाले असतील, तर तीव्रता किती वाढली हे रुग्णाला कळत नाही आणि त्वचेला इजा होते; म्हणून तेथे तज्ज्ञांची देखरेख हवीच.

त्याहून मोठा धोका यंत्रात नसून त्याच्या भरवशात आहे. छातीत दाटणारी आणि डाव्या हाताकडे किंवा जबड्याकडे जाणारी कळ, ताप किंवा वजन घटण्यासह येणारी पाठदुखी, पायातील शक्ती जाणे, लघवी-शौचावरील ताबा सुटणे, पडल्यानंतर उठताच न येणे, एकाएकी उठलेली असह्य डोकेदुखी, यांपैकी काहीही झाले तर पॅड न लावता तत्काळ रुग्णालय गाठावे. पहारेकरी खऱ्या चोराला पाहून ओरडत असताना त्याचे तोंड बंद करणे जिवावर बेतू शकते.

वापराची रीत

प्रथम दुखण्याचे निदान डॉक्टरांकडून करून घ्यावे आणि पॅड कोठे लावायचे, हे फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्यावे. त्वचा स्वच्छ व कोरडी असावी. यंत्र शून्यावर ठेवून चालू करावे आणि ठळक, पण न दुखणाऱ्या मुंग्या येईपर्यंत तीव्रता हळूहळू वाढवावी. जेमतेम जाणवेल इतक्या मंद प्रवाहाचा उपयोग होत नाही. अनेक जणांचा अपेक्षाभंग याच कारणाने होतो. अर्धा ते एक तास पुरेसा आहे. स्नान करताना, वाहन चालविताना आणि झोपेत यंत्र वापरू नये. रोज एकाच प्रकारचे स्पंद दिल्यास चार-पाच दिवसांत शरीराला त्यांची सवय होऊन परिणाम कमी होतो, असे प्रयोगांत आढळले आहे. म्हणून वारंवारिता आलटून-पालटून ठेवणे हिताचे. पॅड ज्याचे त्यालाच असावेत आणि त्वचा लाल झाल्यास विश्रांती द्यावी. चालू असलेली औषधे स्वतःच्या मनाने बंद करू नयेत. गोळ्यांचे प्रमाण कमी करायचे ते डॉक्टरांच्या सल्ल्यानेच.

चौविहाराचा नियम पाळणाऱ्या ज्येष्ठांना सूर्यास्तानंतर गोळी घेता येत नाही आणि वेदना नेमकी रात्रीच बळावते. झोपण्यापूर्वी काही वेळ यंत्र लावल्याने त्यांना आराम मिळू शकतो. नियमाच्या दृष्टीने त्याचा विचार ज्याने त्याने आपल्या श्रद्धेनुसार करावा. पोटात काही जात नाही, एवढेच वैद्यकाला सांगता येते.

संस्थेने काय करावे ?

प्रदर्शनांतून आणि दारोदार फिरणाऱ्या विक्रेत्यांकडून 'एका यंत्राने मधुमेह, रक्तदाब, संधिवात कायमचा बरा' अशा घोषणांसह महागडी यंत्रे विकली जातात. आयुष्यभर काटकसर केलेले ज्येष्ठ त्यांना बळी पडतात, आणि यंत्र महिन्याभरात माळ्यावर जाते. भारतात १ एप्रिल २०२० पासून सर्व वैद्यकीय उपकरणे औषध कायद्याच्या कक्षेत आली आहेत. त्यामुळे उत्पादकाचा परवाना आहे की नाही, हे विचारण्याचा ग्राहकाला पूर्ण अधिकार आहे. जो कायमचा बरा करण्याचे वचन देतो, त्याच्याकडून काहीही घेऊ नये, हा साधा नियम पुरेसा आहे.

अनेक सेवाभावी संस्था वॉकर, चाकांची खुर्ची, पाण्याची गादी इत्यादी साहित्य गरजूंना वापरण्यास देतात. त्या साहित्यात प्रमाणित टेन्स यंत्रांची भर घालणे सहज शक्य आहे. डॉक्टरांची चिठ्ठी पाहून, फिजिओथेरपिस्टकडून एकदा शिकवून, प्रत्येकाला नवे पॅड देऊन आणि सोप्या मराठीत छापलेले सूचनापत्रक सोबत जोडून दोन ते चार आठवड्यांसाठी यंत्र द्यावे. आराम पडला तर रुग्णाने स्वतःचे घ्यावे, न पडला तर परत करावे. कोणाचेही पैसे वाया जाणार नाहीत आणि कोणी फसणारही नाही. त्याच्या जोडीला आठवड्यातून दोन दिवस ज्येष्ठांसाठी सामूहिक व्यायाम ठेवला, तर यंत्राने उघडलेल्या वाटेवर प्रत्यक्ष पाऊलही पडेल.

आणखी एक गोष्ट यंत्राने होत नाही, ती माणसांनाच करावी लागते. वेदना एकाकीपणात वाढते, हे वेदनेच्या प्रत्येक अभ्यासकाने नोंदविलेले सत्य आहे. ज्याने पन्नास वर्षांपूर्वी सतरंज्या अंथरल्या, त्याच्या घरी जाऊन, त्याच्याजवळ बसून, 'आज कसे वाटते ?' असे विचारणारा युवक प्रत्येक गल्लीत असला पाहिजे. सुवर्णमहोत्सवाचे फलक काही दिवसांनी उतरविले जातील. ही विचारपूस मात्र पुढील पन्नास वर्षे चालू राहो, आणि संस्थेच्या प्रत्येक ज्येष्ठाला स्वतःच्या पायांनी चालत या सभागृहात येता येवो, हीच मंगल कामना.

जय जिनेंद्र.